नोएल रोझाचा सांबा ऐकायला सुरुवात कशी करावी

नोएल रोझा (११ डिसेंबर १९१० ते ४ मे १९३७) हा रिओ दि जानेरोचा सांबा-गीतकार, म्हणजे ब्राझीलच्या सांबा या तालप्रधान गाण्यांचा रचनाकार, जेमतेम सव्वीस वर्षे जगला आणि त्यातल्या शेवटच्या सात-आठ वर्षांत त्याने अडीचशेच्या आसपास गाणी केली. काहींचे शब्द त्याचे, काहींची चालही त्याचीच, तर पुष्कळ गाणी कोणा ना कोणाच्या भागीदारीत झालेली. ब्राझीलमधला माणूस आजही ही गाणी सहज गुणगुणतो. आपल्याकडे मात्र ती ऐकू लागणाऱ्याची पहिल्याच दिवशी पंचाईत होते, कारण भाषा पोर्तुगीज असते, ध्वनिमुद्रण खरखरीत असते आणि गाणारा आवाज बारीक असतो. नोएलची मोठी ताकद शब्दांत असल्यामुळे केवळ चालीवर विसंबून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही, आणि म्हणूनच कोठून सुरुवात करावी आणि काय मागाहून ऐकावे, याचा क्रम येथे दिला आहे. क्रमाचे सूत्र एकच आहे: प्रत्येक गाण्यात कोण कोणाशी बोलत आहे हे आधी ठरवावे आणि मगच चालीकडे वळावे.

एक सूचना सुरुवातीलाच केलेली बरी. या लेखात गाण्यांची नावे पोर्तुगीज स्पेलिंगला धरून देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे शोधताना ती रोमन लिपीत उतरवणे सोपे जाईल; ब्राझीलमधला प्रत्यक्ष उच्चार पुष्कळदा वेगळा असतो. गोव्यात १९६१ पूर्वी शाळेत पोर्तुगीज शिकलेली वडीलधारी माणसे ओळखीची असतील, तर गाण्याचा छापील मजकूर त्यांच्याकडून समजून घ्यावा. त्यांना अर्थ कळेल. मात्र ब्राझीली उच्चारात अनेक ठिकाणी ‘ते’चा ‘ची’ आणि ‘दे’चा ‘जी’ होत असल्याने नुसते ऐकून त्यांनाही थोडे अडखळायला होईल.

पहिले गाणे

सुरुवात ‘कॉन्व्हेर्सा दे बोतेकिम’ या १९३५ च्या गाण्यापासून करावी आणि नोएलने स्वतः गायलेलेच ध्वनिमुद्रण ऐकावे. बोतेकिम म्हणजे रिओच्या गल्लीतले छोटे हॉटेल, जेथे कॉफी मिळते, दारू मिळते आणि रिकामटेकड्यांना बसायला जागाही मिळते. संपूर्ण गाणे म्हणजे एका गिऱ्हाइकाने वेटरला सोडलेल्या हुकमांची मालिका आहे. दूधकॉफी आण, पण पुन्हा गरम केलेली नको. पावाला लोणी भरपूर लाव. रुमाल दे, थंडगार पाणी दे. उजवीकडचे दार लाव, मला ऊन सोसायचे नाही. शेजारच्या माणसाला फुटबॉलच्या सामन्याचा निकाल विचारून ये. टेबल पुसत राहिलास तर मी उठणारही नाही आणि पैसेही देणार नाही, अशी धमकीसुद्धा मध्येच येते. पुढे मालकाकडून लेखणी, दौत आणि पाकीट मागवले जाते, डास हाकलण्यासाठी सिगारेट मागवली जाते, आणि एका गृहस्थाला फोन करून छत्री ‘आमच्या ऑफिसात’ पाठवायला सांगितले जाते; हे ऑफिस म्हणजे अर्थातच तेच टेबल. शेवटी हा साहेब वेटरकडेच उसने पैसे मागतो, कारण त्याचे स्वतःचे पैसे मटक्यासारख्या एका जुगाराच्या बुकीकडे गेलेले आहेत, आणि बिल समोरच्या खुंटीला टांगून ठेवायला सांगतो.

एवढा मजकूर मनात ठेवून गाणे किमान तीन-चार वेळा ऐकावे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी असे जाणवू लागते की चाल बोलण्याच्या लयीवर बेतलेली आहे: हुकूम सोडताना माणूस जेथे थांबेल तेथेच ओळ थांबते आणि जेथे घाई करील तेथे अक्षरे एकमेकांवर चढतात. ही चाल वादिको या साव पावलोच्या पियानोवादकाची. दोघांची गाठ १९३२ मध्ये ओदेऑन कंपनीच्या स्टुडिओत पडली आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी मिळून केलेली गाणी थोडीच असली, तरी नोएलच्या उत्तम गाण्यांची यादी त्यांच्यावाचून करता येत नाही. वादिकोचे नाव पुढे बराच काळ मागे पडले, जुन्या तबकड्यांवर आणि कार्यक्रमांतही ते पुष्कळदा गाळले गेले. ऐकणाऱ्याने निदान एवढे ध्यानात ठेवावे की नोएलच्या ज्या चालींमध्ये अनपेक्षित वळणे आणि समृद्ध स्वरसंगती आढळते, तेथे बहुधा वादिकोचा हात असतो.

ताल कानात बसवणे

सांबा दोन मात्रांचा असतो आणि वजन दुसऱ्या मात्रेवर पडते. सुर्दो नावाचा मोठा ढोल ती दुसरी मात्रा ठोकतो, तांबोरिम हे तळहाताएवढे वाद्य वरून तुटक, आडव्या आघातांची नक्षी काढते, आणि पांदेइरो, म्हणजे झांजा लावलेली खंजिरी, सगळे एकत्र बांधून ठेवते. आपल्या कानाला पहिल्या मात्रेवर सम शोधायची सवय असते. येथे काही दिवस टाळी मुद्दाम दुसऱ्या मात्रेवर द्यावी.

हा ताल नोएलने आयता उचलला, आणि कोठून उचलला हे जाणून घेतल्यास विल्सन बातिस्ताशी झालेला पुढचा वाद समजायला मदत होते. ‘पेलो तेलेफोने’ हे दोंगा या संगीतकाराने १९१६ मध्ये आपल्या नावावर नोंदवलेले आणि १९१७ च्या कार्निव्हलमध्ये गाजलेले गाणे सांबाची पहिली मोठी ध्वनिमुद्रित नोंद मानले जाते, पण त्याची चालढाल अजून माशिशे या जुन्या नृत्यप्रकाराजवळची होती. आज ज्याला आपण सांबा म्हणून ओळखतो, तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस एस्तासियो या वस्तीत घडला. इस्मायेल सिल्वा, बिदे आणि त्यांचे सोबती कृष्णवर्णीय, गरीब घरांतले होते, आणि कार्निव्हलमध्ये रस्त्यावरून चालत गाता यावे म्हणून त्यांना अधिक लांब पल्ल्याचा, पुढे ढकलणारा ताल हवा होता. त्यांनी १९२८ मध्ये ‘देइशा फालार’ हा गट स्थापन केला. नोएलचा संबंध पुढे यातल्या इस्मायेल सिल्वाशी थेट आला आणि दोघांनी मिळून गाणीही केली.

चरित्रातले आवश्यक तेवढे

नोएलच्या आयुष्याची गोष्ट इतकी करुण आहे की पुष्कळ जण तिच्यापासूनच सुरुवात करतात. माझ्या मते ती चूक आहे, कारण मग प्रत्येक विनोदी गाण्यातही आजारपण ऐकू येऊ लागते. दहा-बारा गाणी ओळखीची झाल्यावर पुढील तपशील वाचावेत.

त्याचा जन्म रिओच्या उत्तरेकडील विला इझाबेल या मध्यमवर्गीय वस्तीत झाला. जन्माच्या वेळी चिमट्याचा वापर करावा लागला, त्यात जबड्याला इजा झाली आणि हनुवटी कायमची आत खेचलेली राहिली. चारचौघांत जेवणे तो टाळीत असे. आई घरीच शाळा चालवीत असे आणि मँडोलिनचे पहिले धडे त्याला तिच्याकडूनच मिळाले. गिटार त्याने नंतर हाती घेतली. साव बेंतो या मठाच्या शाळेत शिक्षण झाले. १९२९ मध्ये शेजारपाजारच्या तरुणांनी काढलेल्या ‘बांदो दे तांगारास’ या गटात तो गिटार वाजवू लागला. पुढे रेडिओवर नावारूपाला आलेला आल्मिरांते आणि कार्निव्हलची असंख्य गाणी लिहिणारा ज्वांव दे बारो हेही याच गटातले. याच गटाने ‘ना पावुना’ हे गाणे मुद्रित करताना कार्निव्हलची तालवाद्ये स्टुडिओत नेली, आणि त्यापूर्वी तंत्रज्ञ ती वाद्ये मायक्रोफोनपुढे येऊ देत नसत.

‘कोम के रोउपा’ या गाण्याने १९३१ च्या कार्निव्हलमध्ये नोएलचे नाव झाले. सांब्याला चल म्हणतेस खरी, पण घालू काय, कपडे कोठे आहेत, असा त्याचा प्रश्न आहे; मंदीच्या काळात तो सगळ्या शहराला पटला. मूळ चालीची सुरुवात ब्राझीलच्या राष्ट्रगीतासारखी झाली होती आणि ओमेरो दोर्नेलास या जाणकार मित्राच्या लक्षात ते आल्यावर स्वर बदलले गेले, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी नोएल वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने ते सोडले. त्या शिक्षणाचे फळ म्हणजे ‘कोरासांव’ हा ‘शरीरशास्त्रीय सांबा’, ज्यात हृदयाचे वर्णन आहे आणि त्यातले शास्त्र चुकीचे आहे. डिसेंबर १९३४ मध्ये त्याचे लिंदाउराशी लग्न झाले, मात्र लापा भागातल्या कॅबरेत नाचणारी सेसी हीच त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या प्रेमगीतांची नायिका राहिली. क्षयरोग बळावला, १९३५ मध्ये हवापालटासाठी बेलो ओरिझोंतेला काही महिने काढले, पण रात्रीची जागरणे सुटली नाहीत. त्याच वर्षी वडिलांनी आत्महत्या केली. ४ मे १९३७ रोजी विला इझाबेलमधल्या राहत्या घरी नोएलचा मृत्यू झाला.

पुढची गाणी कोणत्या क्रमाने

‘कॉन्व्हेर्सा’नंतर विनोदाची बाजू पूर्ण करावी. ‘गागो आपायशोनादो’मध्ये एक तोतरा प्रियकर तक्रार करतो आणि अडखळणेच तालाचा भाग बनते; शब्द न समजताही हे गाणे कळते, म्हणून नवख्यांना ते फार उपयोगी पडते. ‘पोझितिविज्मो’ हे ओरेस्तेस बार्बोसाच्या भागीदारीतले गाणे त्यानंतर घ्यावे. ब्राझीलच्या ध्वजावर ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ हे शब्द आहेत आणि ते ऑग्यूस्त कॉम्त या फ्रेंच विचारवंताच्या सूत्रातून आले आहेत. मूळ सूत्रात सर्वांत आधी ‘प्रेम’ होते, ते ध्वजावर आलेच नाही. गाण्यातला प्रियकर सोडून गेलेल्या बाईला सांगतो की तू कॉम्तचा नियम मोडलास. राष्ट्रीय ध्वजातली उणीव प्रेमभंगाच्या तक्रारीत आणणारा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा काय ताकदीचा असेल, हे या एका गाण्यावरून लक्षात येते.

मग ‘त्रेस आपितोस’ ऐकावे. प्रेयसी कापड गिरणीत कामाला आहे; गिरणीचा भोंगा वाजला की ती धावते, पण याच्या मोटारीचा हॉर्न ऐकून वळत नाही. थंडीत ती पायमोज्यांशिवाय कामावर जाते, तिच्यावर हुकूम सोडणाऱ्या उद्धट मॅनेजरचा त्याला मत्सर वाटतो, आणि ती कापड विणते तेवढ्या वेळात तो पियानोपाशी बसून तिच्यासाठी ओळी जुळवतो. गिरणगावात वाढलेल्या मराठी माणसाला या गाण्याची ओळख करून देण्याची फारशी गरज नाही. विला इझाबेलमध्ये कोन्फियान्सा नावाची कापड गिरणी खरोखरच होती; मात्र चरित्रकारांच्या म्हणण्यानुसार जिच्यावरून हे गाणे सुचले ती मुलगी बटणांच्या कारखान्यात काम करीत असे. १९३३ चे हे गाणे त्याच्या हयातीत मुद्रित झालेच नाही आणि लोकांपर्यंत ते १९५० नंतरच गेले.

‘फिलोझोफिया’ दोनदा ऐकावे: एकदा मारियो रेइसच्या १९३३ च्या आवाजात आणि एकदा शिको बुआर्केच्या १९७४ च्या आवाजात. लोक नावे ठेवतात, उपाशी मरेन की तहानेने याची कोणाला पर्वा नाही, तेव्हा हसू होऊ नये म्हणून मी श्रीमंत असल्याचे सोंग करतो. आणि पैसा असूनही आनंद विकत घेऊ न शकणाऱ्या तुला मात्र ढोंगी लोकांची गुलामी करावी लागेल, असे त्याचे म्हणणे आहे. ब्राझीलमधल्या लष्करी राजवटीचे सेन्सॉर शिकोची स्वतःची गाणी अडवीत असताना त्याने जवळजवळ सबंध तबकडी इतरांच्या गाण्यांची काढली आणि त्यात हे गाणे घेतले. चाळीस वर्षांपूर्वीच्या शब्दांना त्या काळात जो अर्थ चढला, तो कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

‘उल्तिमो देझेजो’ शेवटी ठेवावे. सेसीला उद्देशून लिहिलेल्या या निरोपाच्या गाण्यात रडारड नाही. माझ्या मित्रांना सांग की तुझे माझ्यावर प्रेम आहे आणि आपण दुरावलो याचे तुला दुःख आहे. ज्यांचा मला तिटकारा आहे त्यांना मात्र सांग की मी कवडीमोलाचा होतो, गुत्ता हेच माझे घर होते आणि मी तुझ्या आयुष्याचे वाटोळे केले. आरासी दे आल्मेइदाने हे गाणे नोएलच्या मृत्यूनंतर मुद्रित केले आणि आजही तेच प्रमाण मानावे.

विल्सन बातिस्ताशी झालेला वाद

नोएलविषयी कोठेही वाचायला गेले तर हा वाद समोर येतोच, आणि बहुधा तो दोन गीतकारांची गमतीदार जुगलबंदी म्हणून सांगितला जातो. थोडे सावकाश पाहिल्यास तो त्याहून गुंतागुंतीचा आहे. विल्सन बातिस्ता हा तरुण कृष्णवर्णीय गीतकार होता. १९३३ मध्ये ‘लेन्सो नो पेस्कोसो’ या गाण्यात त्याने गळ्यात रुमाल, डोक्यावर तिरपी टोपी, पायांत घासत चालायच्या खडावा आणि खिशात वस्तरा असलेल्या मालांद्रोचे चित्र रंगवले. मालांद्रो म्हणजे कामधंदा न करता चतुराईवर जगणारा छैलछबिला, आणि गाणाऱ्याला तसे असण्याचा अभिमान आहे. नोएलने ‘रापाझ फोल्गादो’ लिहून उत्तर दिले: खडावा घासणे सोड, बूट आणि टाय विकत घे, वस्तरा फेकून दे, कारण मालांद्रो या शब्दाने सांबा करणाऱ्याची किंमत कमी होते. मग दोन्हीकडून गाणी आली. विल्सनने एका गाण्यात नोएलला ‘फ्रँकेनस्टाईन दा विला’ म्हणत त्याच्या चेहऱ्यावरच घाव घातला, तर नोएलने ‘पाल्पिते इन्फेलिझ’मध्ये एस्तासियो, साल्गेइरो, मांगेइरा या सांबाच्या वस्त्यांना सलाम करून एवढेच म्हटले की विलाला कोणाची गळचेपी करायची नाही, आम्हीही सांबा करतो हे दाखवायचे आहे.

या मालिकेत धरले जाणारे ‘फेइतिसो दा विला’ (१९३४) हे नोएल-वादिको जोडीचे अतिशय सुंदर गाणे आहे आणि अडचणीचेही. वस्तीला ब्राझीलची राजकन्या इझाबेल हिचे नाव असल्याने तेथे सांबाचे रूपांतर एका सभ्य जादूत झाले, असे त्यात म्हटले आहे. ही जादू मेणबत्तीशिवाय, फारोफाशिवाय आणि पैशाशिवाय चालते. मेणबत्ती, मंडिओका या कंदाच्या पिठाची फारोफा आणि नाणी या आफ्रो-ब्राझिली धर्मविधींतल्या अर्पणाच्या वस्तू आहेत. ज्या समाजाने सांबा घडवला त्याच्याच पूजाअर्चेला बाजूला सारून सांबा ‘सभ्य’ झाल्याचे एका गोऱ्या, मध्यमवर्गीय मुलाने सांगावे, यावर ब्राझीलमध्ये कडक टीका झाली आहे आणि ती मला रास्त वाटते. त्याच वेळी हाच मुलगा कार्तोला, इस्मायेल सिल्वा, एइतोर दोस प्राझेरेस अशा कृष्णवर्णीय गीतकारांबरोबर बरोबरीच्या नात्याने बसून गाणी करीत होता, जे त्याच्या वर्गातले फार थोडे जण करीत. ऐकणाऱ्याने दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवाव्यात. एकीने दुसरी पुसली जात नाही. वादातली बरीचशी गाणी त्या वेळी मुद्रितही झाली नव्हती. ‘पोलेमिका’ नावाच्या १९५६ च्या तबकडीवर रोबेर्तो पाइव्हा आणि फ्रांसिस्को एजिदियो यांनी ती एकत्र गायली आणि तेव्हापासून या वादाला आजचा ठाशीव आकार आला. शोधायची ती हीच तबकडी.

कोणाच्या आवाजात ऐकावे

नोएलचा स्वतःचा आवाज लहान होता आणि गायक म्हणून त्याची गणना झाली नाही, तरी विनोदी गाणी त्याच्याच आवाजात ऐकावीत. १९२७ मध्ये ब्राझीलमध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि मोठ्याने गाण्याची सक्ती संपली. मारियो रेइसने बोलल्यासारखे गाऊन त्याचा फायदा घेतला, नोएललाही तोच मार्ग सोयीचा होता. त्याच्या उलट फ्रांसिस्को आल्विस हा त्या काळातला सर्वांत लोकप्रिय, खड्या आवाजाचा गायक. आल्विस आणि रेइस यांनी मिळून गायलेले ‘फिता आमारेला’ ऐकले म्हणजे दोन्ही पद्धती एकाच गाण्यात शेजारीशेजारी सापडतात. तबकडीवर गीतकार म्हणून आल्विसचे नाव दिसले तर मात्र जरा सावध राहावे, कारण गाणे गाऊन देण्याच्या बदल्यात भागीदारीत आपले नाव घालण्याची, किंवा पैसे देऊन गाणे विकत घेण्याची रीत तेव्हा सर्रास होती.

स्त्रियांमध्ये मारिलिया बातिस्ता आणि आरासी दे आल्मेइदा या दोघींना नोएल स्वतः मानत असे. १९५० च्या सुमारास नोएल जवळजवळ विस्मरणात गेला असताना आरासीने कोन्तिनेन्ताल कंपनीसाठी रादामेस न्यातालीच्या संयोजनात त्याची गाणी नव्याने गायली, आल्मिरांतेने १९५१ मध्ये रेडिओवर त्याच्यावर मालिका केली, आणि आज आपण ज्याला नोएलचा वारसा म्हणतो तो मुख्यतः या दोघांनी उभा केला. मूळ तबकड्यांसाठी रिओच्या मोरेइरा सालेस संस्थेने ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचा मोठा संग्रह इंटरनेटवर मोफत ऐकण्यासाठी ठेवला आहे. तेथे गाण्याच्या नावाबरोबर गायकाचे नाव टाकून शोधावे, म्हणजे नंतरच्या असंख्य आवृत्त्यांत हरवायला होणार नाही.

वाजवू इच्छिणाऱ्यांसाठी आणि रिओला जाणाऱ्यांसाठी

गिटार येत असेल तर आल्मिर शेदियाकने संपादित केलेले नोएलच्या गाण्यांचे तीन खंड मिळवावेत. शब्द, स्वरलिपी आणि कॉर्ड तिन्ही त्यात आहेत. ‘कोम के रोउपा’ आणि ‘फिता आमारेला’ आधी बसवावीत, वादिकोची गाणी हात तयार झाल्यावर घ्यावीत. जाहीर कार्यक्रमात किंवा ध्वनिमुद्रणात वापर करायचा असल्यास हक्कांचा प्रश्न पाहावा लागतो. ब्राझीलच्या कायद्यात ही मुदत मृत्यूनंतर ७० वर्षांची असल्याने एकट्या नोएलची गाणी तेथे २००८ च्या आरंभी मुक्त झाली, पण भागीदारीतल्या गाण्यांची मुदत शेवटच्या भागीदाराच्या मृत्यूपासून मोजतात. वादिकोचा मृत्यू १९६२ चा, त्यामुळे ‘कॉन्व्हेर्सा’ आणि ‘फेइतिसो’ तेथे अजून मुक्त नाहीत.

रिओला जाणे झालेच तर माराकाना स्टेडियमच्या मेट्रो स्थानकावर उतरून चालत विला इझाबेलला जाता येते. ‘बुलेवार्द २८ दे सेतेम्ब्रो’ या मुख्य रस्त्याच्या तोंडाशी टेबलापाशी बसलेला नोएल आणि त्याच्यापुढे उभा असलेला वेटर असे १९९६ मध्ये बसवलेले ब्राँझचे शिल्प आहे, म्हणजेच पहिल्या गाण्यातला प्रसंग. त्यापुढे दोन्ही बाजूंच्या पदपथांवर काळ्या-पांढऱ्या दगडांत गाण्यांची स्वरलिपी जडवलेली आहे. रिओच्या चारशेव्या वर्षानिमित्त १९६५ च्या सुमारास हे काम झाले. रस्त्याचे नाव २८ सप्टेंबर १८७१ या तारखेवरून आले आहे. गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मणारे मूल मुक्त असेल असा कायदा त्या दिवशी झाला आणि त्यावर सही करणारी राजकन्या म्हणजे हीच इझाबेल. वस्तीच्या उनिदोस दे विला इझाबेल या सांबा-शाळेने (म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीत उतरणाऱ्या वस्तीच्या गटाने) २०१० मध्ये, नोएलच्या शंभराव्या वर्षी, कार्निव्हलसाठी त्याचाच विषय घेतला होता आणि त्याचे गीत मार्तिन्यो दा विलाने लिहिले होते. त्या वस्तीतल्या आजच्या सांबाकडे वळायचे असेल, तर मार्तिन्योच्या गाण्यांपासून आरंभ करावा.